लाकडाची चार अंडी

फादरांना आपण फारसे ओळखत नव्हतो, हे सुतार आधीच सांगून टाकतो. चर्चची बाकं दुरुस्त करायला जाणं-येणं, तेवढीच ओळख. माणूस देवाचा जास्त की पाखरांचा, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. प्रवचन चालू असतानाही फादरांची नजर खिडकीबाहेरच्या झाडात. खोलीत त्यांनी सुताराकडून एक कपाट करून घेतलं होतं. उथळ खण, खणांत कापूस, कापसावर आतून रिकामी केलेली अंडी. एका घरट्यातली असतील तेवढी सगळी आणायची, हा त्यांचा दंडक.

एका वर्षी घंटेच्या मनोऱ्यात घुबडाची मादी अंड्यांवर बसली. फादरांनी सुताराकडून चार पांढरी लाकडी अंडी करून घेतली, ती घरट्यात ठेवली आणि खरी उचलून आणली.

"तिला पत्ताही लागणार नाही," ते म्हणाले.

तो लागला नाही, तीच पंचाईत झाली. पिल्लं बाहेर यायचे दिवस उलटून गेले तरी ती उठेना. नर तिच्यापुढे उंदीर आणून टाकत राहिला. फादरांचा जीव थाऱ्यावर नव्हता. भरल्या ताटावरून उठायचे, जिना चढायचे, तसेच खाली यायचे. तिला त्रास नको म्हणून घंटाही बंद करून टाकली.

"लोक म्हणतात, देव रजेवर गेलाय," सुतार म्हणाला.

फादर हसले नाहीत. "सुतारदादा, वर जाऊन ती अंडी काढून आणता? नाहीतर ती बसूनच मरेल."

"अंडी मी केली, फादर. ठेवली तुम्ही."

फादरांनी झगा आवरला आणि जिना चढले. खाली आले तेव्हा मनगटावरून रक्त ओघळत होतं. त्यांनी अंडी सुताराच्या हातावर ठेवली. लाकूड चांगलं कोमट होतं. सुताराने ती तशीच त्यांना परत दिली.

मादी दोन-तीन दिवस मनोऱ्याभोवती घिरट्या घालत राहिली, मग दिसेनाशी झाली. घंटा वाजू लागली. कपाटात त्यानंतर नवं काही आलं नाही, पण फादरांच्या जिन्यावरच्या येरझाऱ्या थांबल्या नाहीत.

पुढे त्यांची बदली झाली. सुतार कपाट फळ्यांनी बांधून द्यायला गेला, तर फादरांनी ती लाकडी अंडी त्याच्यापुढे धरली.

"वहिनींना द्या. मोजे रफू करताना आत धरायला बरी पडतात."

"एक पुरे. माझे पाय दोनच आहेत, फादर."

"चारही न्या."