टोपीवाल्यांची जागा

बराअली तेहरानच्या बाजारात लोकरीच्या टोप्या करायचा. म्हाताऱ्या शहानं राज्यघटनेवर सही केली, नव्या मजलिशीत, म्हणजे लोकांनी निवडलेल्या संसदेत, कारागिरांनाही जागा मिळाल्या, आणि टोपीवाल्यांनी बराअलीला निवडून दिलं. शेजारच्या दुकानातला यदुल्ला उस्ताद निवडणुकीत पडला. तेव्हापासून दोघांत बोलणं बंद.

मजलिशीला दोन वर्षंही झाली नव्हती. म्हातारा शहा वारला, आणि गादीवर आलेल्या त्याच्या मुलाच्या डोळ्यांत मजलिस सलत होती. उन्हाळ्यातल्या एका सकाळी त्यानं तिच्यावर तोफा डागल्या. बराअली आतच होता. मागच्या बागेची भिंत चढून तो धावत सुटला. एक जोडा तिथंच राहिला. तसाच तो बाजारात पोचला.

यदुल्लानं त्याला दंडाला धरून आपल्या दुकानात ओढलं.

"आत ये, गाढवा! काढ तो प्रतिनिधीचा अंगरखा." अंगरखा त्यानं चुलीत कोंबला. "बस इथं. लोकर मळ. तोंड उघडू नकोस."

इतक्यात शहाचे दोन शिपाई दारात.

"प्रतिनिधी बराअली कुठंय?"

"दुकान शेजारचं," यदुल्ला म्हणाला. "माझी जागा खाल्ली मेल्यानं. सापडला तर मला बोलवा, दोन जोडे माझेही."

"हा कोण?"

"माझा गडी. ठार बहिरा. अकलेनंही बेताचाच."

एक शिपाई वाकून बघू लागला. बराअलीनं मान वर केली नाही. तो साबणाच्या पाण्यात हात चालवत राहिला. शिपायाचा बूट त्याच्या बोटांपासून वीतभर. मग शिपायानं फळीवरच्या दोन चांगल्या टोप्या उचलल्या आणि दोघं गेले.

"पुरे आता, लोकरीच्या चिंध्या केल्यास," यदुल्ला म्हणाला.

"का वाचवलंस मला?"

"जागा टोपीवाल्यांची होती. मला नाही मिळाली म्हणून तुला फासावर जाऊ देऊ?"

पुढलं वर्षभर बराअली यदुल्लाच्या माळ्यावर लोकरीच्या गाठोड्यांमागं राहिला. खाली कुणी मोठ्यानं खोकलं तरी तो गाठोड्यांत अंग चोरायचा. शेवटी मजलिशीच्या बाजूच्या फौजा तेहरानात शिरल्या, शहालाच पळावं लागलं आणि नवी मजलिस ठरली. मात्र तिच्यात कारागिरांसाठी वेगळ्या जागा नव्हत्या.

यदुल्ला दिवसभर शिव्या देत होता. बराअली मान हलवत राहिला. आता आपल्याला कुणी निवडून देणार नाही, या विचारानं त्याला हायसं वाटलं होतं, आणि हे यदुल्लाला सांगायची त्याला लाज वाटत होती.