चौथा परिसर नाही

विद्यापीठाचे परिसर तीन. काशीराम भोपीने तिन्ही पाहिले ते मारामारीच्या पायी. बाकी लोक प्रवेश घेऊन जातात, हा बदली होऊन गेला.

पनवेलचा परिसर सर्वांत जुना. एसटी स्टँडच्या मागे, कला, वाणिज्य आणि विधी. तिथे गेटवर पहारेकरी असताना एका रिक्षावाल्याने एका मुलीचा हात धरला आणि काशीरामने त्याचे पुढचे दात पाडले. मुलगी पळून गेली, दात राहिले, तक्रार झाली. मग खारघर. तिथे काचेच्या इमारती, अभियांत्रिकी, व्यवस्थापन आणि सगळ्यांवर बसलेलं प्रशासन. तिथे गेटवर गाडी अडवली म्हणून एका साहेबाच्या भाच्याने आईवरून शिवी दिली. काशीरामने त्याला गाडीच्या खिडकीतून बाहेर ओढून आडवा केला. काशीरामचा हात आधी उठायचा आणि डोकं मागून यायचं. मला विचाराल तर दोन्ही वेळा मार खाणारे मार खायच्याच लायकीचे होते. पण नियमात लायकी बसत नाही.

शेवटी नेरे. डोंगराखाली कृषी विभाग, वसतिगृहं आणि मोठं मैदान. मुलांचं वसतिगृह उभं आहे ती जमीन काशीरामच्याच बापाची. तिच्या बदल्यात त्याला ही नोकरी मिळाली होती, आणि नोकरीमुळे त्याच्या पोरीला, दिपिकाला, इथेच कृषीच्या दुसऱ्या वर्षाला फी माफ होती.

नेऱ्याला पाठवताना कुलसचिव अविनाश सरांनी समोर बसवून सांगितलं, "काशीराम, चौथा परिसर नाही. आता हात उचललास तर घरी. आणि मुलीची सवलतही तुझ्याबरोबर घरी."

बायको गोदूने हेच दुसऱ्या शब्दांत सांगितलं. "पोरीचा शिक्षान तुझ्या मुठीत हाय. मूठ उघडू नको."

त्याने उघडली नाही. मुलं टोमणे मारायची, तो हात पाठीमागे बांधून उभा राहायचा. मग ती कबड्डीची फायनल आली, खारघर विरुद्ध नेरे, आणि नेमकी त्याच दिवशी गावदेवीची पालखी.

देवीचं मूळ ठाणं वसतिगृहामागच्या उंबराखाली. जमीन देताना गावाने एकच अट घातली होती, की वर्षातून एकदा पालखी गेटमधून ठाण्यावर जाईल. आणि पालखी एकदा उचलली की वाटेत टेकवायची नाही, माघारी वळवायची नाही. हे नेऱ्यात दुधपित्या पोरालाही माहीत. खारघरात बसून सामन्याची तारीख ठरवणाऱ्यांना माहीत नव्हतं. सामना संपेपर्यंत गेट बंद, असा त्यांचा हुकूम होता. काशीरामने कुलूप लावलं आणि चावी खिशात ठेवली. पालखी येईस्तोवर सामना संपेल असं त्याने धरलं होतं.

सामना संपलाच नाही. शेवटच्या चढाईवर भांडण पेटलं. खुर्च्या उडाल्या, क्रिकेटचे स्टंप निघाले, दगड सुटले. एका दगडाने गेटवरचा कॅमेरा फुटला. खारघरचा चढाईपटू विश्वजीत डोक्यातून रक्ताची धार घेऊन गेटकडे धावत आला. काशीरामने त्याला गेटशेजारच्या आपल्या चौकीत ढकललं, दार ओढलं आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. नेऱ्याची पोरं स्टंप घेऊन समोर ठाकली. एकाने त्याच्या मांडीवर, दुसऱ्याने खांद्यावर हाणला. त्याने हात मागेच ठेवले.

तेवढ्यात बाहेर बँजो वाजत पालखी आली. पुढे त्याचा धाकटा भाऊ धनेश.

"दादा, गेट उघर!"

दार सोडलं तर आतला पोरगा मेला. काशीराम ओरडला, "थांबा! जरा थांबा!" बँजोत कोणाला ऐकू जाणार? गावाने एवढंच पाहिलं की देवी खांद्यांवर तिष्ठत उभी आहे आणि आपलाच माणूस कुलूप उघडत नाही.

धनेश आणि चारपाच जण गेटवरून चढून आत उतरले. त्यांना पाहून स्टंपवाली पोरं पांगली. काशीराम तोंड उघडणार तोच धनेशचा ठोसा त्यावर बसला.

"इकलास काय रं देवीला? जमीन इकली, आता देवी?"

मग सगळ्यांनी मिळून मारला. काठी, लाथा, चपला. बरगडी मोडली ती त्याला ऐकू आली. दिपिका, दिपिका, एवढंच तो मनात म्हणत होता. हात उचलला नाही.

चौकीत कोणीतरी हललं. "गेट बंद करवनारा सायेब हितं लपलाय!" असं म्हणत धनेशने लाथेने दार उघडलं आणि रक्ताने माखलेल्या त्या पोरावर काठी उगारली.

काशीरामचा हात उठला. एकच फटका. धनेशचा जबडा मोडला आणि तो उंबऱ्यातच कोसळला.

काशीरामने खिशातून चावी काढली, बरगडी धरत गेट उघडलं. पालखी त्याच्यासमोरून आत गेली. त्याने टोपी आणि पट्टा काढून चौकीच्या कट्ट्यावर ठेवला.

चौकशी खारघरला झाली. अविनाश सरांनी धनेशला विचारलं, "जबडा कोणी मोडला?"

त्याचे दात तारेने बांधलेले. त्याने भावाकडे पाहिलंही नाही. दातांतून बोलला, "गेटावरून परलो."

"काशीरामने मारलं असं लोक सांगतात."

"लोकांचा काय? जबरा माजा हाय. परलो."

अविनाश सरांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाले, "काशीराम, टोपी घाल. ड्यूटीवर जा."

दोघे भाऊ काचेच्या दारातून बाहेर आले. पायऱ्या उतरताच धनेश वळला आणि त्याने काशीरामच्या थोबाडीत अशी ठेवून दिली की जाणारी येणारी मुलं थबकली. काशीरामच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने हात पाठीमागे बांधले आणि दुसऱ्या थपडेची वाट पाहत तसाच उभा राहिला.

"आता चल," धनेश दातांतून म्हणाला. "दिपिका जेवायची थांबली आसल."