जनूने न मोजलेल्या चिठ्ठ्या

जनू गेल्याचा फोन आमच्या खालच्या मेडिकलमध्ये आला, कारण त्या आठवड्यात आमचा फोन बंद पडलेला. मेडिकलवाला वर येऊन म्हणाला, "ताई, ठाण्याहून फोन आहे, तुमच्या वहिनींचा," आणि माझ्याकडे न बघता जिना उतरायला लागला. जनार्दन हा माझा धाकटा भाऊ. ठाण्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. प्रयोगशाळेतून खाली येताना जरा बसतो म्हणून पायरीवर बसला, तो उठलाच नाही. शैला, त्याची बायको, फोनवर एवढंच म्हणाली, "ताई, तुम्ही या."... आता दीड महिना झाला. माणूस गेलं की सगळे त्याच्याविषयी गोडच बोलतात, मीही बोलले असते. पण जनूने एका मोजणीत लबाडी केली असा मला गेली दहा-बारा वर्षं संशय होता, आणि तो झाकून त्याच्यावर लिहायचं म्हणजे खोटं लिहायचं. मी सातवीत शाळा सोडलेली बाई. खोटं सजवून लिहायचं तर तेवढंही शिक्षण नाही.

शाळा सोडली ती जनूलाच सांभाळायला. आईबाप दोघं खाडीकाठच्या मिठागरात, आणि हा दीड वर्षाचा. पुढे तो शिकत गेला आणि त्याची जुनी पुस्तकं माझ्याकडे येत गेली. लग्न होऊन डोंबिवलीला मानपाड्याला आले तेव्हा बरोबर एक फाटकी डिक्शनरी आणलेली. इंग्रजी बोलायची हिंमत आजही होत नाही, पण वाचलेलं थोडंफार कळतं. जनूने संशोधनाला विषय घेतला तोही घरचाच. मीठ धरून झालं की वाफ्यात जे कडवट पाणी उरतं, ते परत खाडीत सोडून देतात. त्या पाण्यात काय काय असतं, ते तो मोजायचा. बाबा म्हणायचा, "आमी जे फेकतो त्याचा यो अभ्यास करतो." ऐंशी सालानंतर कधीतरी त्याचा पहिला लेख परदेशी मासिकात आला. बाबाने विचारलं, "यात आपलं मिठागर कुठं हाय?" जनूने एका ओळीवर बोट ठेवलं. बाबाने त्या ओळीवरून नुसता अंगठा फिरवला. त्या वर्षीच्या पावसाळ्यात बाबा गेला.

चार-पाच वर्षांनी कॉलेजात नवं संशोधन केंद्र निघायचं ठरलं. प्रमुखाच्या जागेला दोघांचे अर्ज, एक जनूचा आणि एक त्याच्या विभागातल्या दुसऱ्या सरांचा. जनूला ती जागा फार हवी होती. स्वतःचे विद्यार्थी असावेत, त्यांच्या हातून मिठागराचं काम पुढे जावं, हे त्याचं एकच वेड. आणि समितीने मागितला आकडा. तो मला समजावत होता, "अगं ताई, मी काय लिहिलं ते नाही विचारत कोणी. माझ्या लेखाचा उल्लेख दुसऱ्या किती जणांनी त्यांच्या लेखांत केला, ते विचारतात."

मी म्हटलं, "म्हणजे लग्नाला किती माणसं आली, तसं?"

"तसंच."

"आणि जेवण कसं होतं ते?"

"ते नाही विचारत," जनू म्हणाला आणि खूप हसला.

दर शनिवारी तो मुंबईतल्या एका मोठ्या ग्रंथालयात जायचा. तिथे सायटेशन इंडेक्स नावाचे जाडजूड ग्रंथ असतात. मुंगीएवढी अक्षरं, आणि एकेका नावाखाली त्याचा उल्लेख कोणी कुठे केला त्याची यादी. तो एकेक उल्लेख एकेका चिठ्ठीवर उतरवून आणायचा. चिठ्ठ्या आमच्या लग्नपत्रिकांच्या. आमच्या आगरी लोकांत पत्रिका चांगली मोठी आणि जाड असते, एकीच्या कोऱ्या बाजूच्या आठ चिठ्ठ्या व्हायच्या. त्याच्या घरी मुलांच्या परीक्षा, म्हणून चिठ्ठ्या लावायचं काम आमच्याकडे, स्वयंपाकघरातल्या लादीवर. प्रत्येक लेखाचा वेगळा गठ्ठा. ज्यात जनूनेच स्वतःच्या जुन्या लेखाचा उल्लेख केलाय, त्या चिठ्ठ्या वेगळ्या. आपणच आपलं नाव घेतलं ते धरायचं नाही, असा त्याचा नियम. मला ते पटायचं. भात टाकून मी गठ्ठे लावत बसायचे आणि कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांची नावं वाचायचे. जपानातल्या कुणा बाईला आमच्या खाडीचं पाणी माहीत आहे, याचं मला भारी वाटायचं.

मग एका रविवारी माझ्या लक्षात आलं की पहिल्या लेखाच्या गठ्ठ्यातून जनू मधूनच एखादी चिठ्ठी काढतो आणि खिशात घालतो. मी विचारलं, "ती कुठे चालली?"

"डबल झालीय."

डबल नव्हती. गठ्ठा मी लावलेला. आणि बोलताना तो खिडकीकडे बघत होता. लहानपणी गुळाच्या डब्यात हात घालून आला की असाच दुसरीकडे बघायचा. त्या दिवशी गठ्ठ्यांतल्या आणि पुढे आलेल्या प्रत्येक चिठ्ठीची खूण, त्याच्या स्वतःच्या सोडून, दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर करत गेले. पहिल्या लेखाच्या काही चिठ्ठ्या उतरवूनही ठेवल्या, त्यांतल्या चारपाच पुढे त्याच्या खिशात गेल्या. आमच्या ह्यांनी पाहिलं तेव्हा म्हणाले, "भाऊ तुझा, कॉलेज त्याचं. तू कशाला सीआयडी करतेस?" पण मनात एकदा शिरलं की निघत नाही. दुसऱ्या कुणाच्या नावाचे उल्लेख ह्याने आपल्यात घेतले असतील का... पण मग काढून कशाला टाकतोय? अर्ज गेला तेव्हा त्याचा आकडा माझ्या वहीतल्यापेक्षा पंचवीसने कमी होता.

राहवलं नाही. घरी न सांगता ठाण्याला गेले आणि कॉलेजच्या ग्रंथपाल सुनंदाबाईंना त्या उतरवलेल्या चारपाच चिठ्ठ्या दाखवल्या. त्या जनूला मानायच्या. "हे लेख मागवते, दोन आठवडे द्या," म्हणाल्या. परत गेले तेव्हा झेरॉक्स समोर ठेवून त्यांनी एकेक ओळ मराठीत सांगितली. एकात होतं, ह्यांनी दिलेले आकडे आम्हाला मिळाले नाहीत. दुसऱ्यात होतं, हे मोजमाप चुकलेलं दिसतं. सगळ्यांत तेच.

मी म्हटलं, "मग ह्या मोजायच्या नसतात का?"

"नियमाने मोजायच्या. नाव आलं की एक. कौतुकाने घेतलं की चूक काढायला, ते इंडेक्समध्ये लिहिलेलं नसतं," सुनंदाबाई म्हणाल्या. "त्या दुसऱ्या सरांनी तर स्वतःचे स्वतः केलेलेही धरलेत. ह्या धरल्या असत्या तर जनार्दन सर पुढे होते हो."

जागा दुसऱ्या सरांना मिळाली. त्या आठवड्यात जनू आला, तेव्हा मी चहा पुढे ठेवला आणि सरळ विचारलं, "पंचवीस चिठ्ठ्या का काढल्यास?"

त्याने कप खाली ठेवला. "त्या माझ्या नव्हत्या, ताई."

"नाव तुझंच आहे त्यांच्यावर."

"चूक दाखवायला घेतलेलं नाव ते. ते काय मिरवायचं?"

"की समितीने त्या उघडून बघितल्या असत्या तर तुझी चूक सगळ्यांना कळली असती?"

त्याने उलट विचारलं, "तुला काय वाटतं?"

"मला वाटतं तू लपवतोयस."

"हो," म्हणाला, "लपवतोय." चहा तसाच ठेवून गेला. पुढे भाऊबीजेला यायचा, ओवाळून घ्यायचा, जेवायचा, मुलांची चौकशी करायचा. पण ते एक पुन्हा निघालं नाही. मी धरून चालले की माझा हुशार भाऊ चूक झाकण्यासाठी जागेवर पाणी सोडणारा निघाला. अभिमान म्हणा की भित्रेपणा, कुणास ठाऊक. माझ्या मनात त्याची उंची तेव्हा कमी झाली, ती झालीच. तो समोर बसून वरणभात कालवत असायचा आणि मी मनात त्याला पारखत असायचे... बहिणीने असं करू नये.

तेरावं झाल्यावर शैलाकडे त्याची एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली, रेखा म्हणून. मोहन्याला एका कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. मी शेजारीच बसले होते. शैलाला बरं वाटावं म्हणून ती वर्गातल्या गमती सांगत होती. "सर दर वर्षी पहिल्या तासाला एकच सांगायचे. मिठागराचं पाणी आणाल तसं मोजायचं, गाळायचं नाही. म्हणायचे, माझ्याकडे एकदा पाणी गाळून आलं, गाळणाऱ्याने मायेने गाळलं होतं, आणि माझा पहिला लेख चुकला. थंडीत त्यातले क्षार खडे होऊन तळाला बसतात ना, नेमके तेच फेकले गेले. मी एकदा विचारलं, सर, मग चूक झाली असं छापून का नाही टाकलंत? तर म्हणाले, कारण लिहावं लागतं गं."

माझ्या हातातलं तांब्याभांडं मी खाली ठेवलं. पहिल्या लेखासाठी जनू पाणी नेत होता, त्या हिवाळ्यात मी माहेरी गेले होते. बाबाने जनूच्या कॉलेजसाठी पाण्याचे कॅन भरून रात्रभर ओटीवर ठेवलेले. सकाळी बघते तर तळाला पांढरा चुरा. मला वाटलं कचरा. शहरातल्या साहेबलोकांसमोर माझा भाऊ असलं घाण पाणी नेणार? आईचं धुतलेलं लुगडं चौपदरी धरून मी सगळे कॅन गाळले आणि लुगड्यात राहिलेलं अंगणात झटकलं. बाबा म्हणाला, "बेस केलंस, बाय." जनू आला तेव्हा मी कौतुकाने सांगितलं, बघ कसं काचेसारखं करून दिलंय. तोही तेव्हा शिकाऊच, हसून घेऊन गेला...

म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात, माझ्याच समोर, तो माझी चूक एकेक करून खिशात घालत होता. आणि मी वहीत खुणा करत होते.

पण मी त्याला देव करणार नाही. माझं नाव न घेताही, नमुना गाळलेला होता, असं एका ओळीत छापता आलं असतं की. ते का नाही केलं? माझ्या कानावर जाईल म्हणून, की स्वतःला कमीपणा नको म्हणून? मी दोन्ही बाजूंनी उलटून पाहते आणि संशय पुरता जात नाही. आता विचारायला तो नाही. विचारायचं होतं तेव्हा मी त्याला चोर समजून विचारलं, म्हणून खरं उत्तर मिळालं नाही.

परवा सुनंदाबाईंचा फोन आला. कॉलेज सरांच्या स्मरणार्थ पुस्तिका काढतंय, त्यात त्यांच्या कामाचा आकडा द्यायचाय. "कुठला देऊ? अर्जातला, की तुमच्या वहीतला?"

मी म्हटलं, "वहीतला. आणि खाली लिहा की यातले पंचवीस चूक दाखवणारे आहेत, आणि ती चूक पाणी गाळल्यामुळे झाली."

त्या म्हणाल्या, "असं नुसतं लिहून चालत नाही हो. कोणाच्या सांगण्यावरून, ते द्यावं लागतं."

"माझं नाव द्या," मी म्हटलं. "मीच गाळलं."

त्या हो म्हणाल्या खऱ्या. पण कॉलेजवाले छापतील याचा मला भरवसा नाही, म्हणून इथे लिहून ठेवलं.