झोपलेली बोटं

डॉक्टरांनी रबरी हातोडी माझ्या गुडघ्याखाली टक्कन मारली. पाय हललाच नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली, तोही तसाच दगडासारखा. मग हातोडी टेबलावर ठेवून ते मायकडे वळले आणि म्हणाले, "हिला आत्ताच्या आत्ता भरती करा. जीबीएस वाटतो."

मला भारी राग आला. पाय माझे आणि सांगतात मायला! मी म्हटलं, "काय वाटतो? मले सांगा ना."

तेव्हा ते माझ्याशी बोलले. जीबीएस म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम. जंतूंशी लढणारी आपल्या शरीरातली ताकद चुकून आपल्याच नसांवर तुटून पडते. पायापासून सुरू होतं आणि वर वर चढत जातं. मायने विचारलं, "वर म्हणजे कुठवर?" डॉक्टर म्हणाले, "श्वासापर्यंत जाऊ नये म्हणूनच भरती करतोय." मायने माझ्या चपला उचलून पिशवीत टाकल्या.

मी वैशाली, आसगावची. बारावी सायन्स झालेली, तोंडाने फटकळ, असं सगळेच म्हणतात. आधी पोट बिघडलं होतं, जुलाब झाले आणि थांबले. मग तळपायाला झिणझिण्या यायला लागल्या. धानाची कापणी सुरू होती. डोक्यावर भारा घेऊन बांधीतून, म्हणजे धानाच्या शेतातून निघाले आणि सपाट जागी पडले. सगळे म्हणाले, अशक्तपणा आहे, गुळाचं पाणी दे. दुसऱ्या दिवशी पायरी चढता येईना, तेव्हा बाबांनी राइस मिलची रजा टाकली आणि आम्हाला पवनीला नेलं. तिथून भंडारा आणि तिथून नागपूर, त्या हातोडीवाल्या डॉक्टरांकडे. तुमच्या घरात कोणाला अशा झिणझिण्या येऊन पाय लुळे पडत असतील, तर गुळाच्या पाण्यावर थांबू नका. हात जोडून सांगते.

नागपूरला पाठीच्या मणक्यात सुई घालून पाणी काढलं. त्याला लंबर पंक्चर म्हणतात. नाव ऐकूनच घाम फुटतो, पण दुखतं त्यामानाने कमी. नंतर एनसीव्ही केली, म्हणजे नसांमधून विजेचा बारीक झटका देऊन तो किती वेगाने धावतो ते बघायचं. मग आयव्हीआयजी सुरू झालं. ही दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेली औषधी प्रथिनं असतात, थेंब थेंब शिरेतून जातात.

या सगळ्यापेक्षा मला भीती वाटायची ती आकडे म्हणण्याची. सिस्टर यायच्या आणि म्हणायच्या, "मोठा श्वास घे आणि एका दमात आकडे म्हण." किती आकडे म्हणता येतात त्यावरून फुफ्फुसांत किती जोर उरलाय ते कळतं. पहिल्या दिवशी मी तीसपर्यंत गेले. मग दर वेळी आकडा खाली यायला लागला. शेजारच्या खाटेपाशी श्वासाचं मशीन आणून ठेवलेलं होतं. ते माझ्यासाठीच आहे हे मला कळत होतं, कोणी बोलत नव्हतं. माय आयसीयूच्या काचेच्या पलीकडून माझ्या ओठांकडे बघत बसायची आणि माझ्याबरोबर तीही आकडे म्हणायची. मी अडखळले की तिचे ओठ एक-दोन आकडे पुढे जायचे आणि मग थांबायचे.

आकडा खाली जायचा थांबला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता चढणार नाही. पण उतरायला वेळ लागेल. महिने लागतील." मशीन तसंच परत गेलं. मला ढसाढसा रडायचं होतं, पण तेवढाही जोर नव्हता.

वॉर्डात आणल्यावर खरं दुखणं कळलं. पाय हळूहळू ऐकू लागले, हात मात्र माझे राहिलेच नव्हते. चमचा धरला की गळायचा. माय भात कालवून भरवायची आणि मी तिच्यावरच खेकसायचे. ती म्हणायची, "चिडू दे. चिडायचा तरी जोर आला न!"

मग एक मॅडम आल्या. म्हणाल्या, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. फिजिओथेरपी आम्हाला ठाऊक होती, हे नवीन होतं. त्यांनी समजावलं की हात नुसता हलून भागत नाही. त्याला रोजची कामं जमली पाहिजेत, बटण लावणं, वेणी घालणं, घास तोंडात नेणं. तेवढ्यासाठी त्या असतात. त्यांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "तू घरी हाताने काय काय करतेस?"

इतक्या दिवसांत हे कोणीच विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "लांब पोळ्या."

आमच्याकडे लग्न असो, बारसं असो, लांब पोळ्या लागतातच. कणीक सैल भिजवायची, आपटून आपटून तिला तार आणायची. मग गोळा दोन्ही हातांवर घेऊन या हातावरून त्या हातावर खेळवत कोपरापर्यंत लांबवायचा आणि चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर अलगद सोडायचा. माझ्या मायचा या कामात हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नाही. मी नऊ-दहा वर्षांची असल्यापासून तिच्या शेजारी बसते. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "मग आपल्याला त्या मडक्यापर्यंत जायचंय." मी ते मनात पक्कं धरलं.

त्यांनी बटणं लावायला दिली, कपड्यांचे चिमटे दिले. पिशवीत हात घालून न बघता वस्तू ओळखायला लावलं. किल्ली कुठली आणि बिस्किट कुठलं, मला कळायचं नाही. ताकद परत येत होती, पण बोटांची जाण झोपलेली होती. मॅडम पुन्हा पुन्हा बजावायच्या, "बोटांवर विश्वास ठेवायचा नाही. गरम काही असलं की आधी डोळ्यांनी बघ, मग कोपराची आतली बाजू लावून बघ. हात सगळ्यात शेवटी."

त्यांच्याकडूनच कळलं की या कामाला मदतनीस लागतात आणि त्यांचं वेगळं प्रशिक्षण असतं, ऑक्युपेशनल थेरपी असिस्टंटचं. बारावी सायन्स चालतं. मार्क बघतात, मुलाखत घेतात, हाताने काम करून दाखवायला लावतात आणि शरीर धड आहे की नाही तेही तपासतात. हे ऐकलं त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलंच नाही.

घरी आल्यावर तयारी सुरू झाली. बायोलॉजीचं पुस्तक पुन्हा काढलं आणि मनगटातल्या बारक्या हाडांची नावं पाठ केली. बाबा मिलमधून आले की त्यांना पेशंट करून मी खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर घ्यायचे. पेशंटच्या गुडघ्याला आपला गुडघा टेकवायचा आणि जोर कमरेत नाही, पायात घ्यायचा. बाबा बिचारे दिवसभर पोती वाहून आलेले, खाटेवर जे पडायचे ते घोरायलाच लागायचे. मी ओरडायचे, "बाबा, पेशंट असे घोरत नाईत!" ते डोळे न उघडताच म्हणायचे, "हा पेशंट घोरते."

हसायचो आम्ही. बटणं लागत होती, वजन उचललं जात होतं. पण बोटांचं काय, ते मी कोणाला सांगत नव्हते. आणि कोणी विचारतही नव्हतं.

मुलाखत आठवड्यावर आली आणि गल्लीत शेवंताकाकूच्या नातवाचं बारसं निघालं. मायला मडक्यावर बसायचं आमंत्रण आलं. मीही गेले. बायका जमल्या आणि शेवंताकाकू सगळ्यांसमोर म्हणाली, "पोरगी बरी झाली म्हणतं तू. मंग बसव न तिले मडक्यावर. आमाले बी दिसू दे."

आमच्याकडे बरं होणं म्हणजे हेच. डॉक्टरच्या कागदाला कोण विचारतं? बाई मडक्यावर बसली की बरी. मायने माझ्याकडे पाहिलं. मी पदर खोचून बसलेसुद्धा.

पहिली पोळी फाटली. दुसरी नीट सुटली. तिसरीपासून हात असे चालायला लागले की आजारपण कोणाला झालं होतं तेच आठवेना! कणीक कोपरापर्यंत ओघळायची, मडक्यावर पसरायची, कडा उचलून मी पोळी काढायचे. बायका वा वा करत होत्या. माय तोंडाला पदर लावून बघत होती. इतका आनंद मला बारावीच्या निकालालाही झाला नव्हता.

तेवढ्यात माय ओरडली, "हात काढ! वैशाली, हात काढ!"

मी हाताकडे पाहिलं. पोळीची कडा उचलताना उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आणि तळव्याची बाजू मडक्याला टेकत होती. किती वेळापासून, कोण जाणे. कातडी पांढरी पडून वर आली होती आणि मला काहीच होत नव्हतं. हात माझा, आणि पोळल्याचं मायला आधी कळलं.

कोणी हळद आणा म्हणे, कोणी टूथपेस्ट. मायने कोणाचं ऐकलं नाही. माझा हात तिने घागरीच्या पाण्यात धरला आणि रडत रडत मला शिव्या घातल्या. "मॅडमनं सांगतलं होतं न तुले? कायले बसली? कोणाले दाखवून राहिली होती?" उत्तर तिलाही माहीत होतं, बसताना तिनेही अडवलं नव्हतं.

सरकारी दवाखान्यात पट्टी बांधली. फोड फोडू नका, रोज ड्रेसिंग करा, असं सांगितलं. ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. मुलाखतीला पट्टी बांधूनच जावं लागणार होतं. निघताना माय म्हणाली, "दारात बोटं सापडले म्हणून सांग. पोळलं म्हणू नोको. नाईतर घरी पाठवतीन तुले." एसटीत नागपूरपर्यंत मी दाराचीच गोष्ट पाठ करत होते. कुठलं दार, कसं लागलं, सगळं रचून तयार होतं.

बाहेरच्या बाकावर किती वेळ बसले देव जाणे. आत तिघे होते. हाडांची नावं विचारली, ती आली. एका मुलीला पेशंट करून खुर्चीत बसवायला लावलं, तेही जमलं. मग मधल्या बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "हाताला काय झालं?"

दार ओठांवर आलं होतं. पण समोरच्या टेबलावर त्यांची शेकायची पिशवी ठेवलेली होती आणि माझी नजर तिच्यावर गेली. उद्या मी कोणाच्या तरी लुळ्या हातावर ती ठेवणार, या विचाराने माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, "पोळलंय. मला कळलंच नाही. जीबीएस झाला होता, शेवटच्या बोटांना अजून जाण नाही."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाई कडक आवाजात म्हणाल्या, "मग तू पेशंटला पोळवशील."

"हो, पोळवू शकते," मी म्हटलं. "म्हणून ही पिशवी मी हाताने बघणार नाही. कोपराने बघीन आणि दुसऱ्या कोणाला तरी हात लावायला लावीन. पेशंट म्हणाला की काही होत नाही, तर त्याचं ऐकणार नाही. मलाही काही होत नव्हतं."

"बाहेर बस," एवढंच बाई म्हणाल्या. बाहेर आले आणि मायला फोन केला. सगळं खरं सांगून टाकलं, असं तिला म्हटलं. ती म्हणाली, "जाऊ दे. घरी ये. जेवून घेशील."

मला घेतलं. पण एक अट घातली. बोटांची तपासणी ठीक येईपर्यंत गरम शेक आणि हात बुडवून शेकायच्या वितळलेल्या मेणाच्या भांड्याजवळ मी एकटीने जायचं नाही. पहिले कितीतरी आठवडे बाकीच्या मुली ते काम करायच्या आणि मी शेजारी उभी राहून नुसती पेशंटच्या कातडीचा रंग बघायचे. कधी कधी फार वाईट वाटायचं. बोटं जागी झालीच नाहीत तर काय, हा विचार जेवतानाही सोडायचा नाही. माय रोज फोनवर एकच विचारायची, "उठले का वो बोटं?" मी म्हणायचे, नाही. ती म्हणायची, "बरं. झोपू दे."

आणि मग एका सकाळी हॉस्टेलच्या मेसमध्ये मी बोलता बोलता स्टीलचा चहाचा पेला उचलला. बघायचं विसरले. करंगळी पेल्याला टेकली आणि असा चटका बसला की पेला हातातून सुटला, चहा सगळ्या टेबलावर. मैत्रीण ओरडली, "अगं, पोळलं का?"

मी करंगळीकडे बघत राहिले. आग आग होत होती. तशीच उठले आणि मायला फोन लावला.

"माय," मी म्हटलं, "मले पोळलं."

ती घाबरून म्हणाली, "पुन्हा? कोणी पाहिलं?"

"कोणी नाई पाहिलं," मी रडत रडत सांगितलं. "मलेच कळलं."