सासूबाईंचा मोती

आता कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला! पण सांगतोच, नाहीतर शुभांगी सांगेल, आणि ती तिखटमीठ लावून सांगते.

मागच्या नाताळच्या सुट्टीत आम्ही मित्राच्या माले गावातल्या घरी चार दिवस राहायला गेलो. मी, बायको शुभांगी, सहा वर्षांची मनू आणि आमचा कुत्रा बंड्या. बंड्याला एकच व्यसन. मोजे! वापरलेला मोजा दिसला की पळवलाच म्हणून समजा.

त्यात मेहुण्याचं लग्न दहा दिवसांवर. सासूबाईंच्या नथीतला टपोरा मोती निखळला होता. त्यांच्या आईच्या वेळचा, अस्सल. "जावईबापू, तेवढा पुण्यात बसवून आणा," म्हणून लातूरहून नथ आणि मोती माझ्या हवाली केलेले. रिकाम्या फ्लॅटमध्ये नको म्हणून दोन्ही सोबत घेतलं. नथ शुभांगीच्या पर्समध्ये. मोती मात्र मी हुशारीने माझ्याच मोज्यात लपवला. चोर मोज्यात कशाला हात घालेल?

चोर नाही हो घालत!

दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर बॅग उघडी, मोजा गायब आणि बंड्या अंगणात शेपूट हलवतोय. त्याच्या जबड्यात हात घालून बघितलं, कोपरान् कोपरा धुंडाळला. काही नाही. शुभांगीला सांगायची हिंमत कुणाची? घर सांभाळणारे दगडूमामा खळ्यावर भात झोडत होते. त्यांना हळूच फोन लावला.

"मामा, मोती हरवलाय!"

"आरारा! कवापासनं?"

"सकाळी होता हो."

"रंग कसा हाय?"

"पांढरा. किंचित पिवळट."

"लई मोठा हाय का?"

"छोटासाच. गोल."

"खाऊनपिऊन सुखी हाय म्हना की! घाबरू नगा, हितंच कुटंतरी आसंल."

"आमच्या बंड्याने खाल्ला तर नसेल?"

"छ्या! जातभाईला कोन खातंय व्हय?"

मला वाटलं, काय मोठं बोलतात ही गावाकडची माणसं!

"आणि शुभांगीला सांगू नका. तिच्या आईचा आहे तो."

"सासूबाईंचा? मंग तर घावलाच पायजे. थांबा, गावाच्या ग्रुपवर टाकतो."

नाताळच्या सकाळी जाग आली ती भुंकण्याने. दार उघडलं. अंगणात सात कुत्री! सगळी पांढरी! कुणी सुतळीला बांधलेलं, कुणी गळ्यात दावं घातलेलं. शेजारच्या हौसाआक्कांच्या तर पदरात पिल्लू. बंड्या कधीच खाटेखाली जाऊन बसलेला.

"वळखा!" दगडूमामा छाती फुगवून म्हणाले.

"काय ओळखायचं?" मागून शुभांगी आली.

"तुमच्या आईचा मोती, वैनी! पाव्हणं म्हनलं हरवलाय."

शुभांगीने माझ्याकडे बघितलं. तुम्ही लग्न झालेले असाल तर ती नजर तुम्हाला माहीत असेल. मी घडाघडा सगळं ओकलो. मोती, मोजा, सगळं.

अंगणात जो हशा पिकला! हौसाआक्का तर हसून हसून पायरीवरच बसल्या.

"आवं, नथीतला मोती म्हनायचं की वो!"

पण माणसं बघा. एकही जण घरी गेला नाही. कुत्री झाडांना बांधली आणि सगळे शोधायला लागले. बायकांनी सुपं आणून खळ्यावरचं भात पाखडायला घेतलं.

तेवढ्यात मनू डोळे चोळत बाहेर आली. तोंड वाकडं, हातात माझा मोजा.

"बाबा, नाताळबाबाने फसवलं. मोज्यात एकच गोळी ठेवली, आणि तीपण गोड नाही!"

"थुंक!" आम्ही दोघं एकदमच ओरडलो. टपकन माझ्या हातावर पडला, सासूबाईंचा मोती!

झालं होतं असं, की पेंढ्यात मोजा सापडला आणि मोठ्या मोज्यात मोठी भेट येईल म्हणून बाईसाहेबांनी तो खिडकीला टांगला. पण आता मोती परत द्यायला तयार होईना. "नाताळबाबाने मला दिलाय!" म्हणून भोकाड पसरलं.

हौसाआक्कांनी पदरातलं पिल्लू तिच्या मांडीवर ठेवलं. "ही घे बाय, खरी भेट. माज्याकडं आजून तीन हायेत."

भोकाड बंद. पिल्लाचं नाव काय ठेवायचं हे विचारायची गरजच नव्हती. अख्ख्या अंगणाने एका सुरात ठेवलं.

पुण्याला परतल्यावर पहिलं काम केलं, मोती सराफाकडे दिला. नथ छान तयार होऊन आली. सुटलो म्हटलं. चौथ्या दिवशी सासूबाईंचा फोन.

"जावईबापू, मोती नीट बसला का?"

मी पायाशी बघितलं. "हो आई, आज सकाळपासून बसायला लागलाय. पण सोफ्यावर मुततो हो."

पलीकडून हळूच आवाज आला.

"शुभांगीला द्या फोन."