युरोप, अमेरिका आणि मामांचा ब्रेक

युरोप भारी की अमेरिका, हा प्रश्न बाकीच्या जगाला पडत असेल. माझ्या मामेसासऱ्यांनी तो संग्रामपूरबाहेरच्या रस्त्यावर टेप लावून केव्हाच निकालात काढला आहे. मामा शाळेत पी.टी.चे मास्तर होते. नोकरी संपली, मोजायची खोड संपली नाही. त्यांच्याकडे अमेरिकन कंपनीची जुनी गाडी, माझ्याकडे युरोपातल्या कंपनीची. त्यामुळे मी गेलो की चहाच्या आधी ब्रेकची परीक्षा. मैदान आखायची पांढरी फक्की घेऊन मामा रस्त्यावर रेघ ओढत, मामी शिट्टी घेऊन कडेला उभ्या राहत. चाळीसच्या वेगाने यायचं, चाक रेघेवर आलं की मामी शिट्टी फुंकणार, शिट्टी ऐकली की ब्रेक दाबायचा आणि गाडी रेघेपुढे किती गेली ते मोजायचं. लांब उडीसारख्या प्रत्येक गाडीला तीन संधी. दोन्ही गाड्या मामाच चालवत, कारण माझ्या पायावर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. अमेरिका हरायला लागली की रस्त्याला उतार निघे, टायरात हवा कमी निघे. एकदा तर शिट्टी उशिरा फुंकली म्हणून मामींनाच ताकीद मिळाली. जिंकली की मात्र माझ्या पाठीवर थाप पडे. "जवाईबापू, तुमची गाडी शिकेल-सवरेल हाय, पण आमची सांगतलं की आयकते." दर रविवारी याच आज्ञाधारक गाडीतून ते मामींना नांदुऱ्याला मामींच्या बहिणीकडे नेत. मामी समोर, मामांच्या शेजारी बसत. त्या जागेवर आम्ही कुणी कधी हक्क सांगितला नाही.

यंदा गेलो तो रविवारच होता. मामांची गाडी तिन्ही वेळा नेहमीपेक्षा बरीच पुढे जाऊन थांबली. त्यांनी ब्रेक ऑईल पाहिलं, पॅड पाहिले. सगळं ठीक होतं. मग माझी चालवली, तर तीही तेवढीच पुढे गेली. मामांनी आयुष्यात पहिल्यांदा आपली किल्ली माझ्या हातात दिली. मी चालवली आणि गाडी पूर्वी थांबायची तिथेच थांबली. मामांनी टेप दोनदा लावला. आज मामींचीच शिट्टी मागेपुढे होत असेल, असं मी म्हणालो. मामी लगेच हो म्हणाल्या. आम्ही दोघंही खोटं बोलतोय हे मामांना कळलं, आणि ते हसले.

"गाडी बराबर हाय," ते म्हणाले. "माहा पायच उशिरा पोचून राह्यला. आता तुमच्या मामीले बसवून नाही चालवत मी."

मला फार वाईट वाटलं. मामींनी मागचं दार उघडलं आणि समोरची, माझ्या शेजारची जागा मामांना दिली. नांदुऱ्याच्या रस्त्यावर गतिरोधक आला, कुणाची म्हैस आडवी आली, की शेजारी बसलेल्या मामांचा पाय रिकाम्या जागी दाबला जाई, जरा उशिराच. मग मी गाडी अगदी हळू घेतली आणि त्यांचा पाय हलला की मगच ब्रेक दाबू लागलो.