शाळेसमोर थांबलेला गाडा

मरीआई खरंच आपली आहे का, ही शंका मला पहिल्यांदा शाळेच्या ओट्यावर आली. आमचं गाव संकेश्वरजवळचं. आप्पा मरीआईचे पोतराज, स्वतःच्याच पाठीवर आसूड ओढत दारोदार जोगवा मागायचे. त्यांनी हौसेनं मला शाळेत घातलं आणि मास्तरांनी बाहेर बसवलं. जातीचं कारण होतंच. वर म्हणाले, "सरस्वतीपुढं तुमची पटकीची देवी नको." जैनांची, लिंगायतांची मुलं आपापला देव मानून आत बसत, माझीच देवी तेवढी विटाळाची. फळा दिसायचा नाही, कानावर पडेल तेवढंच शिक्षण. मी मनातल्या मनात मरीआईला शिव्या द्यायचे. गावाला धाक घालतेस, मग लेकरासाठी एक उंबरा ओलांडवत नाही तुला?

मग गावात पटकीची साथ आली आणि पाटील आमच्या दारात आले. अडला हरी गाढवाचे पाय धरी. गाढव अर्थात आम्ही. आमच्याकडे अशा वेळी देवीचा लाकडी गाडा ओढत शिवेबाहेर नेतात. वाटेत तो अडला, तर देवी काही मागते असं समजायचं आणि ते दिल्याशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही. त्या दिवशी गाडा शाळेसमोर अडला. चाकाखाली साधा खडाही नव्हता. आप्पांच्या अंगात आलं. पाटलांनी नारळ पुढं केला, कोंबडं पुढं केलं. आप्पा मान हलवत राहिले.

"माझी लेक भाईर का बसलीया? तिला आत बशीव. मगच हलते मी."

मास्तरांनी घाबरून मला आत फळ्यासमोर बसवलं. गाडा हलला.

पुढं मी आप्पांना विचारलं, "ते देवी बोलली, का तुम्ही?"

"ठावं न्हाय, पोरी. तोंड माझं हुतं. एवढं धाडस माझं कवाच न्हवतं."

मी त्यावर विश्वास ठेवला आणि मरीआईशी भांडण सोडलं. गावाशी मात्र सोडलं नाही. माणसाच्या मागण्याला जे दिलं नाही, ते भीतीला दिलं. दुसऱ्या दिवशी माझ्यासारखीच ओट्यावर बसणारी जोगतिणीची लेक गंगी माझ्या पाठोपाठ आत आली, तर मास्तरांनी दंड धरून तिला ओट्यावर नेलं. "देवीनं तुझं नाव घेतलेलं नाही," म्हणाले. मी फळ्यासमोरची माझी जागा सोडली नाही.

मरीआईनं दिलं ते मी पदरात घेतलं, माथ्याला लावलं. गावाकडं मागायचं काम आता तिच्यावरच सोपवते. रोज हात जोडते आणि तिच्यापुढं गंगीचं नाव घेते.